तव्याची शिवाशिव

ज्या तव्यावर काल मांस भाजलं, तोच तवा घासून आज त्यावर परतलेल्या भाज्या गळ्यात तुळशीची माळ असलेल्या माणसानं खाव्यात का? टेक्ससमध्ये, सॅन अँटोनियोला मुलीकडे राहायला आल्यापासून हा प्रश्न माझ्यापुढे ठाण मांडून बसला आहे. गावाकडे तो कधी पडला नाही, कारण उत्तर आधीच ठरलेलं होतं. बार्शी तालुक्यातल्या आमच्या घरात आई माळकरी, वडील नव्हते. वडिलांचं मटण परसात तीन दगडांच्या चुलीवर शिजायचं, वेगळ्या पातेल्यात. ते पातेलं राखेनं लख्ख घासलं तरी गोठ्यातल्या खुंटीलाच अडकवलेलं असायचं, उंबऱ्याच्या आत यायचं नाही. पुढे आईची माळ मी घेतली, तशी पातेल्याची रीतही घेतली. दोन्ही एकच आहेत असं मी धरून चाललो होतो.

इथे शेजारी एक वयस्क बाई राहतात. मेक्सिकन वंशाच्या, पण घराणं पिढ्यान्पिढ्या टेक्ससमधलंच. गल्लीतली सगळी पोरं त्यांना ‘आबुएला’ म्हणतात, म्हणजे आजी; मीही आजीच म्हणतो. त्यांचे वडील रिओ ग्रांदेच्या खोऱ्यात गुरं राखायचे. फहिता हा पदार्थ अशाच लोकांचा. तिथल्या मोठमोठ्या रँचवर जनावर कापलं की मालकाला नको असलेले भाग गुराख्यांना मजुरीतला वाटा म्हणून मिळत: मुंडकं, आतडी, कातडं, आणि छाती व पोट यांच्यामधला पडदा. हा पडदा म्हणजे चिवट स्नायूची लांब पट्टी. तिला लिंबू चोळायचं, मेस्कीटच्या निखाऱ्यांवर भाजायचं, धाग्यांना आडवं कापायचं आणि गरम तोर्तियात, म्हणजे तिथल्या पोळीत, गुंडाळून खायचं. (मेस्कीट ही आपल्या वेड्या बाभळीच्या कुळातली. सोलापूर जिल्ह्यात माळामाळानं माजलेली ती झुडपं मूळची याच खंडातली आहेत.) पुढे १९६९ च्या सप्टेंबरात सनी फाल्कन या मांसाच्या दुकानात काम करणाऱ्या माणसानं काईल गावच्या उत्सवात फहिता विकायला मांडली. १९७३ मध्ये निन्फा लॉरेन्झो यांनी ह्यूस्टनमध्ये खाणावळ काढली आणि तिथल्या शहरी लोकांना या भाजलेल्या पट्ट्यांची गोडी लागली. १९८२ मध्ये ऑस्टिनच्या एका मोठ्या हॉटेलनं फहिता तापलेल्या बिडाच्या ताटलीत चरचरत आणून ठेवली आणि ती जगभर झाली. मजुराच्या पदरात टाकलेला तो तुकडा आज खाटकाकडे चांगलाच महाग मिळतो. आजींना याचं वाईट वाटतं आणि अभिमानही वाटतो.

भाज्यांची फहिता त्या करतात ती कुआरेस्मात, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या उपवासाच्या दिवसांत, दर शुक्रवारी. कॅथलिक नियम असा की चौदा वर्षांवरच्या माणसानं या शुक्रवारी मांस खायचं नाही, मासे चालतात. पूर्वी वर्षभराच्या शुक्रवारी हा नियम पाळायचे. १९६६ मध्ये अमेरिकेतल्या बिशपांनी बाकीच्या शुक्रवारी दुसरं एखादं प्रायश्चित्त घेतलं तरी चालेल असं ठरवलं. आजी मात्र जुन्याच रीतीच्या. अशाच एका शुक्रवारी त्यांनी मला जेवायला बोलावलं. ‘आज आमच्याकडे तुमच्यासारखंच जेवण आहे,’ म्हणाल्या. मी गेलो, आणि शेगडीवर तोच काळा, जड तवा पाहिला ज्यावर आदल्या रविवारी त्यांच्या नातवानं मांस भाजताना मी कुंपणावरून पाहिलं होतं.

मी जेवलो. तिथे बसून विचार केला नाही. विचार नंतर सुरू झाला, आणि तो आमच्या स्वयंपाकघरात, मसाला करताना होत राहिला.

मसाला मी घरीच करतो. दुकानात फहितेच्या मसाल्याच्या पुड्या मिळतात, पण त्यांत बहुधा मीठ, साखर आणि मक्याचं पीठ यांचाच भरणा असतो. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. या मुलखात जे शाकाहारी दिसतं ते तसं असतंच असं नाही. घोटलेल्या राजम्यात परंपरेनं डुकराची चरबी घालतात, मैद्याच्या तोर्तियात तीच मोहन म्हणून पडते, तांबूस भात कोंबडीच्या पाण्यात शिजवलेला असतो. तेव्हा आपल्या हातानं जेवढं करता येईल तेवढं करावं. अँचो नावाची सुकी मिरची घ्यायची. पिकलेली पोब्लानो वाळवली की ती अँचो. रंग मनुकेसारखा, तिखटपणा अगदी बेताचा. देठ आणि बिया काढून ती कोरड्या तव्यावर दाबत फक्त काही क्षण भाजायची. खरपूस वास सुटला की लगेच उतरवायची. तेवढ्यात ती काळी पडली तर सगळा मसाला कडवट होतो. मग जिरं आणि थोडे धणे भाजून घ्यायचे. मेक्सिकन ओरेगॅनो नुसता तळहातावर चुरायचा. हा पिझ्झ्यावरच्या ओरेगॅनोच्या जातीचा नाही. घाणेरी ज्या कुळातली, त्या कुळातला आहे, आणि वास अधिक रानवट. धुरावलेल्या लाल मिरचीची थोडी पूड, मीठ, चिमूटभर साखर. लसणाची पूड घालायची की नाही ते पंचांग बघून ठरतं. तीन मिरच्यांना दोन चमचे जिरं, चमचाभर धणे, चमचाभर ओरेगॅनो हे माझ्या हाताला बसलेलं प्रमाण. खलबत्त्यात कुटताना मला बार्शीचं काळं तिखट आठवतं, डंकावर कांडून आणलेलं, आणि डब्याचं झाकण उघडताच सगळ्या घराला येणारी ती शिंक.

मसाल्यातलं जिरं या देशाचं नाही. भूमध्य समुद्राच्या पूर्वेकडून ते आपल्याकडे आलं आणि स्पॅनिश लोकांबरोबर इकडे. मिरची मात्र मेक्सिकोची लेक. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी ती गोव्याला उतरवली, तिथून ती घाट चढून आली. ज्ञानेश्वरी १२९० सालची. गीतेच्या सतराव्या अध्यायातल्या तिखट, आंबट, जळजळणाऱ्या राजस अन्नावर ज्ञानदेव लिहीत होते तेव्हा त्यांच्या पानात मिरची नव्हती. आज आपण एकादशीला हिरवी मिरची, बटाटा, शेंगदाणा, साबुदाणा खातो. चारही अमेरिकेतून आलेले, आणि चारही उपासाला चालतात. पांडुरंगाला परकं अन्न वर्ज्य नाही, हे आपल्या आया-आज्यांनी कुठल्याही शास्त्र्याला न विचारता ठरवून टाकलं, आणि ते योग्यच केलं. त्याच सतराव्या अध्यायात अन्नाचे तीन प्रकार सांगितले आहेत ते मुख्यतः चवीवरून आणि खाणाऱ्यावर होणाऱ्या परिणामावरून. मांसाचं नाव तिथे नाही, कांद्याचंही नाही. मला हे फार दिवस ठाऊक नव्हतं असं नाही, पण त्याचा अर्थ लावायची वेळ आली नव्हती.

कांद्यावरून आजींनी मला अडवलं. चातुर्मासात आमच्याकडे कांदा-लसूण बंद. त्या दिवसांत मी ढोबळी मिरच्याच जास्त घेतो, हिरव्या, पिवळ्या, लाल. हिरवी ही कच्ची. बाकीच्या पिकलेल्या, म्हणून गोडसर. तिन्ही एकाच जाडीच्या लांब पट्ट्यांत कापायच्या. अळंबीचे जाड काप, झुकिनी, आणि मिळाली तर निवडुंगाची कोवळी पानं, काटे काढून. तवा धुरावेपर्यंत तापवायचा. भाज्या एकदम सगळ्या ओतायच्या नाहीत. गर्दी झाली की त्यांना पाणी सुटतं आणि त्या भाजल्या जाण्याऐवजी शिजतात. थोड्या थोड्या घालायच्या, हलवायची घाई करायची नाही, कडांना काळे चट्टे आले की काढायच्या. मसाला आणि मीठ शेवटी, वरून लिंबू. कांद्याशिवाय केलेली ही फहिता आजींनी खाल्ली, बरी आहे म्हणाल्या, आणि विचारलं, ‘मांस नाही हे कळलं. जीव जातो. पण कांद्याचं काय?’

मी जैनांचं उत्तर देऊ शकलो असतो. कंदात अनंत जीव असतात, म्हणून तो खाणं हिंसा, असं ते मानतात, आणि त्यांच्या विचारात ते सुसंगत आहे. पण मी जैन नाही, आणि पौष महिन्यात कांदा आवडीनं खातो. जीव वाचवायचा असता तर तो बारा महिने वाचवला असता. मी म्हटलं, ‘कांदा मला फार आवडतो, म्हणून चार महिने सोडतो.’ आजी हसल्या आणि म्हणाल्या, ‘मग हा तुमचा शुक्रवार.’ बरोबर बोलल्या त्या. आजी शुक्रवारी मांस सोडतात ते वाईट आहे म्हणून नव्हे. ते चांगलं आहे, सणाचं आहे, म्हणूनच ते सोडण्यात त्याग आहे. वाईट वस्तू सोडली तर देवाला काय दिलं?

म्हणजे त्या तव्यापाशी आम्ही दोघं एकच जेवण जेवत होतो, पण त्यांचं सोडणं तपाचं होतं आणि माझं, निदान मांसापुरतं, अहिंसेचं. तपाचं सोडणं काही दिवसांचं असतं, अहिंसेचं जन्माचं. तपात आपण स्वतःशी वागतो, अहिंसेत दुसऱ्याशी. दोन्ही मला आदराची वाटतात. आता राहिलं ते गोठ्यातलं पातेलं. ते कशात बसतं? घासलेल्या पातेल्यात जीव नाही, त्यात शिजवल्यानं कुणी मरत नाही, आणि ते बाहेर ठेवण्यात आईचा काही त्यागही नव्हता. ते बाहेर होतं ते सोवळ्यासाठी.

छांदोग्य उपनिषदात आहारशुद्धीनं चित्त शुद्ध होतं असं सांगितलं आहे. सोवळ्याच्या बाजूनं बोलणारे पहिल्यांदा याच वचनाकडे बोट दाखवतात. पण या एकाच वचनाचा दोन मोठ्या आचार्यांच्या परंपरांत वेगवेगळा अर्थ लावला गेला. रामानुजांच्या परंपरेत आहार म्हणजे पोटात जाणारं अन्न. त्याचे दोष तीन: पदार्थाच्या जातीचा, तो कुणाच्या हातून आला त्याचा, आणि केस-माती पडण्यासारख्या निमित्ताचा. शंकराचार्यांनी आहाराचा अर्थ मोठा घेतला. इंद्रियांनी आपण जे जे आत घेतो ते सगळं आहार, आणि राग, द्वेष, मोह यांच्यावाचून ते घेणं ही आहारशुद्धी. मी पंडित नाही, शाळेत विज्ञान शिकवलं. पण माझ्या आयुष्याकडे पाहून मला शंकराचार्यांचा अर्थ पटतो. शेजारच्या पानाकडे किळसेनं बघत खाल्लेली ज्वारीची भाकरी त्या कसोटीला उतरत नाही. रामानुजांच्या परंपरेतला तो मधला दोष, ‘कुणाच्या हातून’, त्यानं आपल्या गावांचं काय केलं हे आपण सगळे जाणतो.

आमच्या गावात मेलेलं ढोर ओढून नेणं महारवाड्याच्या माथी मारलेलं होतं, आणि त्या ढोराचं मांस हा त्या कामाचा वाटा. त्या मांसाच्या लांब पट्ट्या कापून दोरीवर वाळत घालायचे. त्यांना चान्या म्हणत. शाहू पाटोळे यांच्या ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ या पुस्तकात या स्वयंपाकाची बारकाईनं नोंद आहे. ते पुस्तक मी इथे, टेक्ससमध्ये वाचलं, तेव्हा आजींच्या वडिलांच्या वाट्याची पट्टी आणि ती दोरीवरची पट्टी माझ्या डोळ्यांपुढे एकत्र आल्या. आमच्या घरात बोकड खाणारे माझे वडीलसुद्धा चान्यांचं नाव निघालं की तोंड फिरवायचे.

इथे मला जे दिसलं ते स्पष्ट लिहितो. अहिंसा हेच आपल्या खाण्या-न खाण्याचं माप असतं, तर आपल्या मरणानं मेलेल्या बैलाचं मांस सगळ्यांत निर्दोष ठरलं असतं. त्यासाठी कुणी सुरी उचलली नव्हती. बुद्धानंही भिक्षूंना मांसाच्या बाबतीत विचारायला सांगितलं ते हेच: आपल्यासाठी मारलेलं पाहिलं का, ऐकलं का, तशी शंका आहे का. आपल्या गावानं मात्र बळी दिलेलं बोकड प्रसादाचं ठरवलं आणि कुणीही न मारलेला बैल विटाळाचा. तेव्हा आपण हिंसा मोजत नव्हतो. आपण माणसं मोजत होतो, आणि अन्न हा त्याचा काटा होता. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मेलेल्या ढोराचं मांस सोडा असं आपल्या माणसांना सांगितलं, ते दास्याची खूण फेकून देण्यासाठी. आजींच्या घराण्यानं उलट केलं: तो टाकाऊ वाटा मिरवला, त्याचा सण केला. वाटा टाकायचा की मिरवायचा, हे ठरवायचा हक्क ज्यांच्या पदरात तो टाकला गेला त्यांचाच. त्यावर नाक मुरडायचा हक्क मात्र माझ्यासारख्या कुणालाच नाही.

बार्शीला असलेल्या आक्काशी फोनवर हे सगळं बोललो. ती माझ्यापेक्षा मोठी, वारी न चुकवणारी. तिचं म्हणणं मला हलकं वाटत नाही. ती म्हणाली, ‘अरे, व्रताला कुंपण लागतं. आज तवा चालला, उद्या डाव चालेल, परवा रस्सा चालेल. आपली माणसं भोळी असतात, त्यांना खूण लागते.’ खरं आहे. मन सैल पडतं आणि बाहेरची शिस्त त्याला धरून ठेवते. ज्यानं कधी काही सोडलं आहे त्याला हे माहीत असतं. मी तिला एवढंच म्हटलं की कुंपण आपल्याभोवती घालावं, शेजाऱ्याच्या दारापुढे नको. तुला तो तवा चालत नसेल तर, ‘हे माझं व्रत आहे,’ असं सांग, फळ खा, आणि तिथेच बस. उठून जाऊ नकोस. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, ‘गोपाळपूरला काल्याच्या दिवशी कुठं विचारतो आपण, दही कुणाच्या घरचं ते.’ पौर्णिमेला गोपाळपुरात काल्यानं वारी संपते. लाह्या, दही एकत्र होतं आणि वारकरी एकमेकांच्या तोंडात घास भरवतात. श्राद्धाचं अन्न महारवाड्यातल्या माणसांना आधी वाढणारे एकनाथ, ज्यांची गोष्ट महिपतींनी सांगितली, तेही याच पंथाचे. म्हणजे माळेच्या परंपरेत दोन्ही आहे, खुंटीवरचं पातेलं आणि काला. माझी निवड काल्याची आहे.

शाकाहार यानं दुबळा होतो असं मला वाटत नाही. गांधीजी १८८८ मध्ये लंडनला गेले तेव्हा आईला दिलेल्या शब्दाखातर मांस खात नव्हते. फॅरिंग्डन स्ट्रीटवरच्या शाकाहारी खाणावळीत त्यांना हेन्री सॉल्ट यांचं पुस्तक मिळालं, आणि ते वाचून ते विचारानं शाकाहारी झाले. पुढे नोव्हेंबर १९३१ मध्ये लंडनच्या शाकाहारी मंडळींपुढे बोलताना, सॉल्ट शेजारी बसलेले असताना, त्यांनी सांगितलं की शाकाहाराला नीतीचा पाया हवा, तब्येतीचा पुरत नाही. आणि मांस खाणाऱ्यांशी सहिष्णुतेनं वागा. सोवळ्याचा आधार त्यांना लागला नाही.

आता आजींच्या घरी रविवारीही मी जातो. मोठ्या तव्यावर आधी माझ्या भाज्या होतात, नंतर नातवाचं मांस. उलट झालं तर तो तवा घासून देतो. तोर्तिया मक्याच्या घेतो, चुन्याच्या पाण्यात शिजवलेल्या मक्याच्या, कारण त्यांत चरबी नसते. माझा मसाला आजी मांसालाही लावतात आणि मला त्याचं काही वाटत नाही. जनावर मारलं जातं याचं मला दुःख होतं. विचारलं तर ते मी सांगतो. नातवानं एकदा विचारलं, मी सांगितलं, त्यानं ऐकलं, आणि पुढचा तुकडा घेतला. त्याच्या बाजूची माझी खुर्ची तिथेच आहे.

हे लिहायला आणखी एक गोष्ट कारण झाली. पुण्या-मुंबईत घर भाड्यानं देण्याच्या जाहिरातींत ‘फक्त शाकाहारी’ ही अट सर्रास असते. २०२३ मध्ये मुंबईच्या आयआयटीच्या वसतिगृहात शाकाहारींसाठी वेगळी टेबलं राखून ठेवल्यावरून वाद झाला. त्या अटीमुळे कोणत्या आडनावांच्या माणसांना घर नाकारलं जातं, हे अट घालणाऱ्याला माहीत असतं आणि अट वाचणाऱ्यालाही. वाचकांत कुणी माळकरी असतील, घरमालक असतील, सोसायटीच्या कमिटीवर असतील, त्यांना माझी हात जोडून विनंती आहे: ती अट काढून टाका. आपल्या चुलीवर मांस शिजू देऊ नका, पण भाडेकरूच्या चुलीवर त्याचा अधिकार राहू द्या.